दुसरा कस

लाल म्हणजे चांगलं. निळं झालं की फुकट गेलं.

*

आमच्या पहाडगंजच्या खोलीत साबणाच्या वडीवर नेहमी जांभळे ठसे असत.

*

आठव्या प्रश्नापुढे दोन चौकोन आहेत. होय. नाही.

*

न्यारा म्हणजे दुकानातला, सोन्याचे कण मिसळलेला केर. न्यारा फेकत नाहीत.

*

अंकुर म्हणतो, निरोगी माणसं बोअर असतात यार, त्यांच्यात काही दिसतच नाही.

*

जिवंत पेशी काचेवर ठेवली की आधी गोल, आखडून बसते. मग तिला ऊब मिळते आणि ती अंग सैल करते.

*

जिन्यात अण्णांचा आवाज आला की आई तवा चढवते.

*

चार.

*

चार ठिपके दिसले तेव्हा दुपारचे सव्वाबारा वाजले होते. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत बारा महिने अंधारच असतो, दाराला काळा पडदा, खिडकीला काळा कागद, बाहेर फरिदाबादचं नोव्हेंबरातलं राखाडी आकाश असो की आणखी काही. मी डबा खायला उठायच्या बेतात होते. आधीच्या सहा तबकड्या काळ्या निघाल्या होत्या, निघायलाच हव्या होत्या, निरोगी माणसांच्या रक्तात आमच्या दिव्यांना लागायला काही कारण नसतं. सातवी मी जराशा कंटाळ्यानेच भिंगाखाली सरकवली. आणि काळ्यात चार ठिपके. लालसर, कडा मऊ असलेले, एकमेकांपासून लांब लांब, माळावरच्या वस्त्यांसारखे. मी चष्मा पुसला. भिंग पुसलं. तबकडी काढून परत बसवली. चार. मग हात मांडीवर ठेवून बसले, आणि तेव्हा मला आठवलं की सात हा आकडा मी स्वतः लिहिला होता, निळ्या मार्करने, आणि लिहिताना नळी हातात कोमट लागली होती. नळीवर नाव लिहायचं नाही असा नियम आहे. पण उबेला कुठे नियम असतो. ती अण्णांच्या अंगातली ऊब होती.

मी काय काम करते ते मी अण्णांना एकदा समजावलं होतं, जेवताना, भाकरीचा तुकडा हातात धरून. म्हटलं, आम्ही सोनं विरघळवतो, तुमच्यासारखंच, आणि मग उकळत्या पाण्यात त्याचे इतके बारीक कण करतो की पाणी लाल होतं. सोन्याचं पिवळेपण जातं. प्रत्येक कणावर दोऱ्यासारखी बारीक तार चिकटवतो, तारेवर एक दिवा टेकवतो. सोन्याच्या जवळ आहे तोवर तो दिवा विझलेला राहतो. हे कण पेशीच्या आत जातात. पेशी जिवंत असते, तिला काही कळत नाही. पेशीच्या आत जनुकं सारखी चिठ्ठ्या पाठवत असतात, हे कर, ते कर. आमच्या तारेशी जुळणारी चिठ्ठी आली की ती तारेला चिकटते, दिव्याला ढकलून देते, सोन्यापासून सुटला की दिवा लागतो. काही चिठ्ठ्या फक्त बिघडलेल्या पेशींतच असतात. म्हणजे दिवा लागला की समजायचं. बाकीचे लोक पेशी मारून आतलं वाचतात, आम्ही जिवंत असताना वाचतो. अण्णांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन् सोनं परत मिळतं का?" मी म्हटलं, नाही, ते पेशीतच राहतं. ते आईला म्हणाले, हिच्या हापिसात न्यारा काढत न्हाईत. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

अण्णा गलाईचं काम करतात. विट्याजवळच्या गावाहून सोळाव्या वर्षी मामाबरोबर दिल्लीला आले ते चांदनी चौकातल्या कूचा महाजनीत, दुसऱ्या मजल्यावर, एका भट्टीसमोर बसले आणि चव्वेचाळीस वर्षं तिथेच बसले आहेत. लोकांचे जुने दागिने मुशीत वितळवायचे, तेजाबात घालायचे, तांबं-चांदी वेगळी करून शुद्ध सोनं सराफाच्या हातात द्यायचं. त्या गल्लीत आमच्या तालुक्यातली कितीतरी माणसं हेच करतात आणि सराफ त्या सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतात, ए मराठे. अण्णांचं नाव दामू आहे हे समोरच्या लालाजींना माझ्या बारावीच्या पेढ्यांच्या वेळी कळलं. तेजाबातून तपकिरी धूर निघतो. लहानपणी मला वाटायचं की बाबा लोकांच्या अंगाला तोच वास असतो, सगळ्यांच्याच. सोन्याचं पाणी बोटाला लागलं की उन्हात त्याचा जांभळा डाग होतो, आठवडाभर जात नाही. आता माझ्या बोटांनाही होतो. हातमोजे घालायचे असतात, घालतेही, तरी होतो. गेल्या वर्षी आई आम्हा दोघांना शेजारी बसवून वाढत होती आणि एकदम हसायला लागली, म्हणाली, शिकून काय उपेग झाला.

मी त्या अंधारात किती वेळ बसले माहीत नाही. बाहेर कुणीतरी खोकत गेलं. नोव्हेंबरात सगळी दिल्ली खोकते, मेट्रोत डबाच्या डबा खोकतो आणि कुणी मान वर करून बघत नाही. मी मनात म्हणत होते, हे खोटं असेल. आमचे दिवे खोटे लागू शकतात, हे मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं, त्यावरच माझा अर्धा प्रबंध होता. कधी कधी पेशी तारच कुरतडते, चिठ्ठीबिठ्ठी काही नसते, दिवा नुसता तुटून पडतो आणि लागतो. दिसायला अगदी तसाच. म्हणून आम्ही तबकडीतल्या शेजारच्या खळग्यात दुसरे कण घालतो, ज्यांच्या तारेवरची अक्षरं मुद्दाम विस्कटलेली असतात, निरर्थक, जगातली कुठलीही चिठ्ठी त्यांना जुळणार नाही अशी. ते कणही पेटले तर समजायचं पेशी कुरतडतेय, प्रकाश खोटा. ते काळे राहिले तर प्रकाश खरा. पेशंटांच्या प्रत्येक नमुन्याला मी हे करते. निरोगी माणसांच्या नमुन्यांना केलं नव्हतं. कण कमी होते आणि मला वाटलं होतं, अंधाराला साक्षीदार कशाला लागतो.

आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय मागत होते. तीन वर्षं मी हे कण खोटे नाहीत हे सिद्ध करत आले. तीन वर्षांत कितीदा लाल पाण्याचं निळं झालं, मीठ एक थेंब जास्त पडलं की सगळं डोळ्यांदेखत निळं, मग करडं, मग तळाला गाळ. मी बाथरूममध्ये जाऊन रडून परत येऊन काचा अम्लराजात धुऊन पहिल्यापासून सुरुवात केलेली आहे. मार्चमध्ये प्रबंध द्यायचा होता. आणि आता मी काळ्या खोलीत बसून म्हणत होते, कण खोटे निघू देत. सगळे. पहिल्यापासून. कुरतडू दे पेशींना. पेशंटांचेही खोटे निघू देत मग, एक्केचाळीस नमुने, फेका. असं मी म्हणत होते आणि माझ्यातलीच दुसरी कोणी, जिला तेवढे चार ठिपके किती सुरेख, किती स्वच्छ आलेत हे दिसत होतं, ती फोटो काढून ठेव म्हणत होती. मी फोटो काढले. तारीख, वेळ, नमुना सात.

अंकुर माझ्याबरोबरच पीएचडी करतो, रोहतकचा, मनाने चांगला. त्याने स्क्रीन बघून खांदे उडवले. "हटा दे ना यार, आउटलायर है। दस में से एक।" त्याला सात नंबर कोण ते माहीत नव्हतं. मी हो म्हटलं. हो म्हणताना मला कूचा महाजनीतल्या दुकानाची फरशी आठवली. संध्याकाळी अण्णा ती मऊ झाडूने झाडतात, केर डब्यात भरतात, हात धुतलेलं पाणी पिंपात ओततात, जुनी पायपुसणीसुद्धा वर्षातून एकदा जाळून तिची राख चाळतात. सातव्या वर्षी मी एकदा तो केर उत्साहाने खिडकीतून खाली टाकला होता. अण्णांनी मारलं नाही. खाली गेले आणि गल्लीत उकिडवे बसून, जाणाऱ्यायेणाऱ्यांचे पाय चुकवत, पत्र्याच्या तुकड्याने तो केर परत गोळा करत राहिले. मी वरून त्यांची पाठ बघत होते. मी डिलीट केलं नाही.

वैजयंती मॅडम माझ्या गाइड. पुण्याच्या, पंधरा वर्षं इकडे आहेत, आणि माझ्याशी मराठी फक्त दार बंद असताना बोलतात. निरोगी माणसं आणायची कल्पना त्यांचीच. रुग्णालयातून फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटांचं रक्त येतं पण पन्नाशीपुढची धडधाकट माणसं आणायची कुठून, होस्टेलवर सगळी पंचविशीची. तर घरच्या मोठ्यांना आणा म्हणाल्या, चहा-बिस्किटं देऊ. अंकुरने दोन काका आणले. मी अण्णांना. ते धुतलेला शर्ट घालून आले, गेटवरच्या गार्डला नमस्कार केला, माझं टेबल बघितलं, लाल पाण्याची बाटली उजेडाकडे धरून बघितली आणि वजनाचा अंदाज घेत असल्यासारखी दोनदा हलवली. चष्मा दुकानात राहिला होता. फॉर्म माझ्याकडे सरकवून म्हणाले, तूच भर. आमच्या घरातले सगळे फॉर्म मी नऊ वर्षांची असल्यापासून भरते, गॅस, रेशन, बँक, पहाडगंजच्या मराठी शाळेतला माझा स्वतःचा. अण्णा शेवटी सही करतात, सावकाश, जीभ किंचित बाहेर काढून.

मॅडमना मी फोटो दाखवले. त्यांनी आधी फोटो बघितले आणि मग मला. म्हणाल्या, सात नंबर कोण ते मला माहीत नाही, नावांची यादी ड्रॉवरमध्ये आहे, मी ती उघडणार नाही आणि तू सांगू नकोस. मग म्हणाल्या, बस आधी. मी बसले. त्या बराच वेळ पेन उघडत मिटत राहिल्या. नियम सगळा त्यांनी सांगितला, जो मला पाठ होता, की हे निदान नव्हे, ही चाचणी कुठेही मान्य नाही, आपण कुणालाही निकाल देत नाही आणि तसं लिहून घेतलेलं आहे. मग वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "निरर्थक कणांबरोबर परत कर. ताजं रक्त लागेल, कालच्या पेशी आता मेल्या. फोन मी करू का त्यांना?"

"नको," मी म्हटलं. "मी जाते."

फरिदाबादहून लाल किल्ल्यापर्यंत मेट्रो सरळ जाते, उतरावं लागत नाही. तासभर मी वाक्यं जुळवत होते. खोटं बोलायचं हे ठरलंच होतं, कुठलं बोलायचं एवढंच उरलं होतं. कूचा महाजनीचा जिना चढताना तेजाबाचा वास आला आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा श्वास धरला. अण्णा खिडकीशी बसले होते. एका बाईची बांगडी काळ्या दगडावर घासून ते त्या रेघेवर तेजाबाचा थेंब सोडत होते. रेघ तशीच राहिली. त्यांनी बांगडी परत दिली, बाई गेली. माझ्याकडे बघून म्हणाले, या येळेला कशी?

"अण्णा, परत एकदा रक्त लागेल. थोडंसंच."

"का गं?"

"नळी फुटली."

त्यांनी दगड फडक्याने पुसला. एकदा, मग पुन्हा एकदा, पुसायला काही उरलं नव्हतं तरी.

"फुटली, का जुळंना?"

मी भट्टीकडे बघितलं. भट्टीवरच्या मुशीत कुणाचं तरी काहीतरी वितळत होतं, कडेने हिरवट ज्वाळ येत होती.

"पोरी, हेच करत म्हातारा झालो. पयला कस बरोबर आला की गिऱ्हाईक उठून घरला जातं. दुसरा कस कवा लावतात ते मला सांगतीस व्हय?"

"एका कसावर काही ठरत नाही, अण्णा."

"मी तरी दुसरं काय म्हणतोय," ते म्हणाले. "न्हाईच ठरत." आणि दाराकडे तोंड करून शेजारच्या दुकानाला ओरडून सांगितलं, कल नहीं आऊँगा लालाजी, बेटी का काम है। पलीकडून लालाजी म्हणाले, मराठे, तू कभी छुट्टी भी लेता है? अण्णा हसले. हसता हसता ते खोकू लागले, आणि उठून पिंपापाशी जाऊन हात धुतले. मीही धुतले. माझ्या हातांना काही लागलेलं नव्हतं, पण त्या दुकानातून हात न धुता कुणी बाहेर पडत नाही.

दुसऱ्या दिवशी रक्त काढलं आणि तबकडीत दोन खळगे भरले, डावीकडे खरे कण, उजवीकडे निरर्थक. चार तास लागतात. अण्णांना म्हटलं कँटीनमध्ये बसा. ते बाहेर कडुनिंबाखाली गार्डशेजारी बसले. मी मधून मधून खिडकीतून बघत होते. गार्डने त्यांना तंबाखू देऊ केली, त्यांनी नको म्हटलं, कधीच खात नाहीत, विडीही नाही. ही गोष्ट मी आदल्या दिवसापासून पुराव्यासारखी मुठीत धरून होते, की माणसाला कसलं व्यसन नाही. मग वाटलं, चव्वेचाळीस वर्षांचा धूर. ज्या धुराच्या पैशांवर मी सोनं विरघळवायला शिकले, धूर खेचून घेणाऱ्या काचेच्या कपाटात हात घालून, पंखा चालू आहे ना ते दोनदा तपासून. मॅडमनी एकदा कपाटाचा पंखा बंद पडला तेव्हा सगळ्यांना खोलीबाहेर काढून दोन दिवस काम थांबवलं होतं. मी ते घरी सांगितलं नव्हतं. सांगायचं सुचलं नव्हतं, की सांगवलं नव्हतं, हे आता मला ठरवता येत नाही.

चार तास झाले आणि अण्णा दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "मी बघू का?"

नाही म्हणायला हवं होतं. मॅडम त्यांच्यामागे कॉरिडॉरमध्ये उभ्या होत्या. त्यांनी आम्हा दोघांच्या बोटांकडे बघितलं, माझ्या आणि अण्णांच्या, आणि काळा पडदा बाहेरून ओढून घेतला.

मी अण्णांना स्टुलावर बसवलं. त्यांना डोळे कुठे लावायचे ते सांगावं लागलं नाही, बारीक बघण्यातच त्यांचा जन्म गेला. आधी साधा प्रकाश ठेवला. शेकडो गोल पेशी, काही पसरलेल्या, एक हळूहळू सरकत होती.

"हे माझं?"

"हो."

"जित्तं हाय?"

"हो अण्णा. जिवंत आहे."

ते किती तरी वेळ बघत राहिले. त्यांचा श्वास सूक्ष्मदर्शकाच्या नळीवर वाफ धरत होता, शिट्टीसारखा एक बारीक आवाज त्यात होता. मग मी साधा प्रकाश बंद केला आणि उजवा खळगा आणला. काळं. मी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सगळा सरकवला, सावकाश, पुन्हा उलटा. काळं, नुसतं काळं. अण्णांना काहीच दिसत नव्हतं, ते काहीतरी दिसायची वाट बघत होते. मग डावा. मला बाजूच्या स्क्रीनवर दिसत होतं. एक. बराच वेळ काही नाही, मग दोन एकदम. मग चौथा, मग अगदी कडेला पाचवा.

"आता दिसतंय," अण्णा म्हणाले. "निखाऱ्यावानी." डोळे न काढता त्यांनी विचारलं, "यातलं चांगलं कंचं?"

मी सांगितलं, उजवीकडचं काळं राहिलं याचा अर्थ डावीकडचं खरं आहे. पुढचं सांगता आलं नाही. खरं म्हणजे काय ते सांगता आलं नाही. त्यांनी मान वर केली. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता, स्क्रीनचा थोडा लाल उजेड कानशिलावर होता.

"म्हंजे तुझं काम खरं निघालं."

"हो."

"तीन वर्षांचं."

"हो, अण्णा."

"मग रडतीस कशाला," ते म्हणाले, आणि चाचपडत माझं मनगट धरलं. त्यांचा तळवा खरखरीत आहे, जळालेल्या जागी गुळगुळीत. "चल. आता कुठल्या डाक्टरकडं जायचं ते बोल. लई वेळ अंधारात बसू नये."

मॅडमनी ओळखीच्या छातीच्या डॉक्टरांना फोन केला, गाइड म्हणून नाही, अशाच. सीटी स्कॅन झाला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात वाटाण्याएवढी गाठ आहे, इतर कुठे काही नाही. डॉक्टर म्हणाले, लवकर आलात, इतक्यात सहसा कुणी येत नाही, कशावरून शंका आली? अण्णांनी माझ्याकडे बोट केलं, पेढे वाटत असल्यासारखं. पुढच्या मंगळवारी ऑपरेशन आहे. डॉक्टरांनी आणखी पुष्कळ विचारलं आणि लिहून घेतलं. खोकला कधीपासून, हेही विचारलं. अण्णा म्हणाले, खोकला तर हायेच की, त्यात काय, आणि बोटांवर मोजू लागले. हिच्या बारावीच्या आधीपासून, म्हणाले. तेवढ्यात बरोबर आलेली आई म्हणाली, जिन्यात तो ऐकू आला की त्यावरच तर मी तवा ठेवते.

आमच्या फॉर्मवरचा आठवा प्रश्न असा आहे: तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ खोकला आहे का? 'नाही'च्या चौकोनातली खूण मी केली. अण्णा समोर बसले होते. मी त्यांना विचारलं नव्हतं.